सोनावणे सरांचा संशय

अंबरनाथच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत मी शिवणकाम शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात एक मशीन सारखा दोरा तोडू लागलं. मशीन खराब आहे, असं मी स्टाफरूममध्ये म्हटलं. कोपऱ्यात डबा खात बसलेले एक गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "मॅडम, दोरा बघितला? सुई बघितली? का आल्या आल्या मशीनचंच नाव पुढे केलं?" दोरा कुजका निघाला. मोटार मेकॅनिक विभागाच्या प्रल्हाद सोनावणे सरांशी माझा परिचय झाला तो असा.

सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत, म्हणून संस्थेत त्यांचा सत्कार आहे. त्यांच्याविषयी कुणालाही विचारा, पहिला शब्द येतो 'संशयी'. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला नवा कोरा पार्टही ते आधी तपासतात. गाडी ओढत नाही म्हटलं की मुलं लगेच म्हणतात, पंप गेला. सर विचारतात, "पंप स्वप्नात येऊन सांगून गेला का?" मग पेट्रोलचा दाब मोजायचा गेज निघतो. तोही आधी संस्थेच्या धडधाकट गाडीला लावून बघायचा, कारण गेजही खोटं बोलू शकतो. तोवर कार्यशाळेत कुणी कशालाही दोष द्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

या नियमाची किंमत मला माझ्या वडिलांमुळे कळली.

बाबा बदलापूरच्या एका विशेष शाळेची व्हॅन चालवत. गाडीला पेट्रोल जास्त लागू लागलं, तेव्हा शाळेच्या कार्यवाह प्रधानबाई बाबांनाच घेऊन उल्हासनगरला गेल्या आणि टाकीला कुलपाचं झाकण घेऊन आल्या. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, पेट्रोल छोडो, हवा भी नहीं निकलेगी." किल्ली बाईंच्या पर्समध्ये राहिली. त्या दिवशी जेवताना बाबांची भाकरी उरली.

पुढे गाडीचा जोरच जाऊ लागला. अंबरनाथच्या पुलावर मुलं भरलेली व्हॅन धापा टाकत थांबायची. बाई यायच्या, टाकीत पेट्रोल आहे का बघायला कुलूप उघडायच्या, आणि गाडी लगेच पळायची. असं दरवेळी. शाळेत बोलणं सुरू झालं, "चोरी बंद झाली ना, म्हणून आता गाडी बंद पाडतो." नवा ड्रायव्हर बघायचं ठरत आलं. बाबा एकदा मला म्हणाले, "पोरी, माझ्याच पायात काही राहिलं नाही का गं?"

मी सरांकडे गेले. रडू आवरत म्हटलं, "सर, तुम्ही नुसतं सांगितलंत तरी त्या ऐकतील."

सर म्हणाले, "बघतो. पण जे निघेल ते सांगणार. तुमच्या वडिलांच्या विरुद्ध निघालं तरी."

ते वाक्य घेऊन मी कशी घरी गेले, मला आठवत नाही.

रविवारी सरांनी व्हॅनला गेज जोडला आणि लांब नळीने बाहेर काढून समोरच्या काचेवर चिकटवला, म्हणजे चालत्या गाडीत सगळ्यांना दिसेल. बाबा चालवत होते, सर शेजारी, मागे प्रधानबाई आणि मी. बदलापूर सोडताना काटा जागेवर होता. अंबरनाथ जवळ येऊ लागलं तसा तो हळूहळू खाली सरकला. पुलावर गाडी गुदमरली.

"बघा. बरोबर इथंच," बाई म्हणाल्या.

सर खाली वाकले आणि त्यांनी बाबांच्या पायावर हात ठेवून पाहिलं, पेडल खरंच दाबलेलं आहे का. बाबांनी समोरची नजर हलवली नाही. सरसुद्धा?

"पूर्ण दाबलंय," सर म्हणाले. पूल कसाबसा उतरल्यावर त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन चालूच ठेवलं. "बाई, आता तुम्ही कुलूप उघडा. तुमच्याच हाताने."

किल्ली फिरली आणि टाकीने फुस्सकन हवा आत ओढली. काचेवरचा काटा चढून जागेवर आला.

"एकदा झालं तर योगायोग," सर म्हणाले. कुलूप लावून तेवढाच फेरा पुन्हा मारला. काटा पुन्हा पडला, कुलूप उघडताच पुन्हा चढला. मग त्यांनी समजावलं: टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. जुन्या झाकणाला त्यासाठी बारीक भोक होतं, याला नाही. आत पोकळी झाली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

प्रधानबाईंनी कुलपातून किल्ली काढली. "तो दुकानदार म्हणाला होता, हवासुद्धा..." एवढंच बोलल्या आणि किल्ली बाबांपुढे धरली.

"मला नको, बाई," बाबा म्हणाले. "जुनं झाकण ठेवलंय मी सीटखाली."

सरांचा मोठेपणा मला त्यानंतर दिसला. बाईंना त्यांनी एक शब्द ऐकवला नाही. उलट म्हणाले, "पेट्रोल जास्त का लागतं, तो तुमचा संशय अजून बाकी आहे. तोही बघू." मागच्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता, जास्तीचं पेट्रोल त्यातच जायचं, ते नंतर निघालं. मी विचारलं, बाबांचा पाय का तपासलात? म्हणाले, "संशय सगळ्यांवर सारखा घ्यायचा. त्यांचा पाय सोडला असता, तर त्यांची सुटका कुणी खरी मानली असती?"

ते कुलपाचं झाकण आजही सरांच्या टेबलावर आहे. नव्या मुलांना ते हातात देऊन विचारतात, "यात काय कमी आहे?"

हल्ली डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हटलं, तर सरांनी विचारलं म्हणे, "मशीन कधी तपासलं होतं?" माझी विनंती एवढीच, की सरांनी मशीनवर संशय जरूर घ्यावा, पण गोळीही घ्यावी. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि अनेकांना त्यांच्या त्या न्यायी संशयाचा आधार मिळत राहो.

बाबांनी आता शाळेची गाडी सोडली आहे. पण सत्काराच्या दिवशी सरांना घरून आणायचं काम त्यांनी मागून घेतलंय. सर पुढेच बसतील, कान इंजिनकडे लावून. आणि पुलाच्या चढावर बाबा पेडल पूर्ण दाबतील, हे मला माहीत आहे.