खटका गावठाणात, थाळी वस्तीत

अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार, सकाळ. जागा: ग्रामपंचायतीसमोरचा, विजेच्या कामाच्या भूमिपूजनाचा मांडव, तालुका बाळापूर. हजर: सरपंचबाई, त्यांचे यजमान, अकोल्याहून आलेले विजेचे साहेब, ठेकेदार, गावठाणातली मंडळी. खालच्या बौद्ध वस्तीतून मी आणि माझी सासू. आणि टेबलावर, हार घातलेली, माझी जाऊ सुनंदा.

फोटो मीच दिला होता. आदल्या दिवशी सरपंचबाईंचे यजमान दारात आले. "सुनंदाचा फोटो पाह्यजे. तिच्यामुळंच तं निधी आला." मी खिळ्यावरून काढला, पुसला, दिला.

आमच्याकडे वीज आल्यापासूनची एक रीत होती. डीपी, म्हणजे विजेच्या खटक्याची पेटी, गावठाणात, सरपंचांच्या घराला लागून. वस्ती खाली, नाल्याकाठी. वावधन, म्हणजे वादळवारं, सुटून तारा हेलकावू लागल्या की वस्तीतून थाळी वाजवायची. ती ऐकून वरच्यांनी खटका पाडायचा. आमचा जीव त्यांच्या कानावर.

मागच्या पावसाळ्यात वावधन आलं. मी थाळी वाजवत होते. सुनंदा शेळी सोडायला अंगणातल्या पाण्यात उतरली. तार तुटून त्याच पाण्यात पडली होती. वीज चालूच. ती कोसळली तरी माझा हात थांबेना. वाजवतच राहिले.

नंतर यजमान म्हणाले, "आमाले वाटलं, तुमच्याकडं काही कार्यक्रम हाये."

तिच्या मरणाचा दाखला देऊन प्रस्ताव अमरावतीला गेला. सरकारी निधी मंजूर झाला. वादळात टिकणारे खांब, आवरण असलेल्या तारा, तार तुटताच आपोआप पडणारा खटका. मांडवात नकाशा टांगला होता. लाल रेघ गावठाणातून निघून यजमानांच्या मळ्यात शिरत होती. वस्तीकडे रेघच नव्हती.

मी उभी राहिले. "साहेब, आमच्या वस्तीचे खांब कोठी हायेत?"

"पुढच्या टप्प्यात."

"अन् तवरक वावधन आलं तं?"

ठेकेदार म्हणाला, "थाळी हाये नं बाई तुमच्यापाशी!"

मांडव हसला. सरपंचबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून. सासूने मान खाली घातली.

यजमानांनी माझ्या हातात नारळ दिला. "फोड वं. पेपरासाठी तुया फोटो निंगू दे." आमच्या घरात नारळ फोडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

मी नारळ खुर्चीवर ठेवला. टेबलाशी गेले. फ्रेमवरचा हार काढला. हार त्यांचा होता, तिथेच सोडला. सुनंदाला काखेत घेतलं.

"कावून नेऊन राहिली? कार्यक्रम बाकी हाये!"

"हो. याले कार्यक्रम मनतेत," मी म्हणाले. "तवा सुनंदा मरून राहिली होती."

कोणी हसलं नाही. सासू उठली. माझ्यापुढे चालू लागली.

आता लाल रेघेवर खांब उभे आहेत. वरच्यांना वाऱ्याची भीती उरली नाही, त्यामुळे वस्तीकडे कान देणाराही कोणी उरला नाही. आमच्यावर तीच जुनी तार लोंबते. वारं सुटलं की मला थाळी ऐकू येते. कोणी वाजवत नसताना.

ती थाळी मी आता वस्तीतून वाजवणार नाही. ग्रामसभेत वाजवीन. अकोल्याला, साहेबांच्या टेबलासमोर वाजवीन. तो नकाशा बदलेपर्यंत.

सुनंदाचा फोटो कपाटात आहे. खांब येईपर्यंत खिळा रिकामा. वस्तीतले खांब रोवायचे बाकी आहेत.