गुरुवारी न आलेलं उत्तर

नवलाख उंबऱ्याच्या त्या छोट्या कारखान्यात मी गुरुवारी गेलो, कारण त्या दिवशी सुट्टी असते आणि कामात कोणी मध्ये येत नाही. बिलं काढणारा युनिक्सचा नवा संगणक तिथल्या नेटवर्कला जोडायचा होता. शुक्रवारी सकाळी पहिला ट्रक जाणार होता. मालक गावातलेच शेतकरी. ही ऑर्डर त्यांनी वर्षभर खेटे घालून मिळवलेली. वजनकाट्याचा आकडा नव्या संगणकावर आला नाही तर बिल नाही, आणि बिलाशिवाय ट्रक फाटकाबाहेर नाही.

नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकाला स्वतःचा क्रमांक लागतो. एकच क्रमांक दोघांना दिला की दोघंही अडतात. कोणाला कोणता दिलाय, हे मालकांना माहीत नव्हतं. मी वीस नंबरला पिंग करून पाहिलं, म्हणजे हाक मारली. उत्तर नाही. मोकळा समजून तोच नव्याला दिला. ऑफिसातल्या दोन्ही संगणकांवरून तपासलं. चाललं.

"झालं ना भाऊ? आता काय बघताय?" मालकांनी विचारलं.

"काट्याचा संगणक राहिला."

"त्याची केबिन कुलपात, चावीवाला गावाला. तुमी लय इचार करता."

लोणावळ्याला घरी आलो तरी पाय ठरेना. चहा निवला. "बसा तरी," बायको म्हणाली. मी ओट्यावर गेलो. शेजारच्या बंगल्याची बेल पार्सलवाला पुन्हा पुन्हा दाबत होता.

"काका, हितं कुणी राहत न्हाई का?"

"राहतात. पण शनिवारीच येतात."

म्हणालो आणि चपापलो. वीस नंबर मोकळा कशावरून? काट्याचा संगणक तर बंदच होता.

मालकांना फोन लावला. "उद्या ट्रक भरायच्या आधी चावी फाटकावर हवी."

"काय बिघडलं?"

"अजून काही नाही."

शुक्रवारी पहिली लोकल पकडून वडगावला उतरलो, तिथून रिक्षाने कारखाना गाठला. नवा संगणक बंद ठेवून काट्याचा चालू केला आणि वीसला पुन्हा हाक मारली. लगेच उत्तर आलं. मग बाकीचे संगणक चालू करून एक्केचाळीस तपासला. तो गप्प होता.

"आणखी काही कुलपात आहे?" मी विचारलं.

"आईची ट्रंक हाये. तिला बी नंबर देता का?"

एक्केचाळीस नव्याला दिला. ट्रक काट्यावर चढला, आकडा आला, बिल निघालं, फाटक उघडलं. मालक चहा सांगत होते. मी वॉचमनला विचारत होतो, आज रजेवर कोण कोण आहे.