भाऊजींचं कोशाचं जाकीट

आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट माझ्यापाशी आहे. माझ्या थोरल्या भाऊजींना मी फसवलं आहे, आणि तेही ज्या विषयात त्यांच्याइतकं डोकं अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कुणी खपवलं नसेल, नेमक्या त्याच विषयात. विषय एकच आहे: बंदुकीची गोळी कशानं थांबते. साऱ्या सृष्टीकडे भाऊजी याच नजरेनं पाहतात. आपल्याला झाड दिसतं, त्यांना आडोसा दिसतो. कुणाच्या घरी गेलं तर आपण भिंतीचा रंग बघतो. भाऊजी बोटाची पेरं भिंतीवर ठोकून ती विटेची की जुन्या मातीची हे आधी ठरवतात, आणि हातभर जाडीची मातीची निघाली तर घरमालकाचं अभिनंदन करतात. देवानं जग दोनच भागांत घडवलं असं त्यांचं मत आहे: ज्यातून गोळी जाते ते, आणि ज्यातून जात नाही ते. माणूस नेमका पहिल्या भागात पडला, ही देवाची एक चूक आणि ती दुरुस्त करायची जबाबदारी आपली.

भाऊजी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान. भंडाऱ्यात त्यांचं पिढीजात मागाचं घर आहे, कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारं. माग आमच्याकडेही होते, पण वडिलांनी ते विकून एकोडीला धानाची शेती घेतली आणि मी शेतकरी झालो. भाऊजी त्यावरून मला 'पळालेला कोष्टी' म्हणतात, आणि पाहुण्यांना माझी ओळखही तशीच करून देतात. स्वतः ते मागावर बसले की देवासारखे दिसतात, पण मागावरून उतरले की त्यांना बसताच येत नाही. जेवताना त्यांचे पाय पाटाखाली मागाच्या पावड्या दाबल्यासारखे खालीवर होत असतात. चहाचा कप एका हातातून दुसऱ्या हातात मागावरच्या धोट्यासारखा जातो आणि येतो. दोन घटका शांत बसलेले भाऊजी मी माझ्या आयुष्यात एकदाच पाहिले, आणि माझा गुन्हा त्याच दिवसाचा आहे.

सानगडीला एका लग्नात आम्ही बरोबर होतो. मांडवात शिरल्यावर माणसं ओळखीचं कोण आहे ते बघतात. भाऊजींनी मांडवाला एक फेरी मारली, नवरदेवाचा सोफा दाबून पाहिला, मान हलवली, आणि सरळ मागे आचाऱ्याच्या बाजूला जाऊन तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून उभे राहिले. मुलाचे वडील घाईघाईनं बोलवायला आले, की जावईबापू, पुढे चला, इथं कुठं उभे राहता. भाऊजी म्हणाले, "अथीच बरं आहे. पोतं म्हंजे पोतं. नवरदेवाच्या मांगं निस्ता थर्माकोल आहे." त्या माणसाला वाटलं, सजावटीत खोट काढली. पुढे वर्षभर ते घर आमच्याशी धड बोललं नाही.

एसटीत त्यांची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या बाजूला, इंजिनाच्या तापलेल्या झाकणाशेजारी. उन्हाळ्यातसुद्धा. बाकी सगळी गाडी म्हणजे कागद, असं ते कंडक्टरला समजावत आणि कंडक्टर त्यांना तिकीट समजावत असे. सिनेमाला तर त्यांना नेणं आम्ही सोडूनच दिलं. नायक उलट्या केलेल्या टेबलामागे लपला की भाऊजी खुर्चीतून उठायचे आणि पडद्याला विचारायचे, "अबे, फळीनं काय होते?" मागच्या रांगेतले लोक आधी चिडायचे, मग त्यांनाही ती फळी दिसू लागायची, आणि प्रसंगाचा विचका व्हायचा. नायकानं नदीत उडी मारली, की मात्र भाऊजी समाधानानं खाली बसत.

कारण पाण्याविषयी त्यांना फार आदर. पाणी हे सगळ्यात हुशार, असं ते म्हणत. हळू येणाऱ्याला ते वाट देतं, आणि जोरात येणाऱ्यापुढे दगड होतं. म्हणून गोळी जेवढी तेज, तेवढी पाण्यात लवकर फुटते आणि दमते. हे कुणाला पटलं नाही, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांनी कारध्याच्या घाटावर उंच पायरीवरून वैनगंगेत पोटावर उडी घेतली. बाहेर आले तेव्हा छातीपासून बेंबीपर्यंत अंग पळसाच्या फुलासारखं लाल झालं होतं. ताई घरी तेल लावत होती आणि बोलत होती, भाऊजी मात्र विव्हळत विव्हळत मला म्हणाले, "पाह्यलं? मी त साधा माणूस, तरी पाण्यानं मले थांबवलं."

लोक हसत. मीही हसत असे. हा नाद त्यांना कधी लागला याचा हिशोब मात्र कुणी केला नाही. गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यातून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. भाऊजींचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, पोलिसात भरती झाला आणि त्याची नेमणूक गडचिरोलीकडे, आत जंगलात झाली. पेढे वाटले, हार घातले, गाडीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी घराची भिंत ठोकून पाहिली. एवढंच झालं. मुलाचं नाव आणि गोळी हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी एका वाक्यात ऐकले नाहीत. ते लग्नाच्या मांडवात उभे राहायचे, एसटीत बसायचे, पण मनानं कुठल्या झाडामागे उभे असायचे ते मला फार उशिरा कळलं.

माझ्याकडे भरमार होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग शिशाची गोळी, आणि गजानं ठासायचं, अशी जुनी बंदूक. रानडुकरं उभं धान लोळवतात म्हणून तिचा परवाना होता. परवान्यात डुकरांचा उल्लेख होता, भाऊजींचा नव्हता. तरी त्या उन्हाळ्यात माझ्या बांधावर डुकरांपेक्षा भाऊजीच जास्त वेळा आले, दर वेळी सायकलला काहीतरी बांधून. तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा नापास झाला. सागाची फळी नापास झाली. मोहाचा ओंडका पास. रेतीचं पोतं पास झालं तेव्हा भाऊजींनी त्याला हात जोडले. ताईच्या आंदणातली पितळेची परात नापास झाली, तीही ताईला न विचारता. ताईनं आठ दिवस अबोला धरला, मग तिच्यात भाजी धुवायला घेतली. भोकातून पाणी आपसूक निथळतं म्हणून पुढे माफही केलं. शेतातल्या बोडीवर, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यावर, पाण्याची परीक्षा घेतली तेव्हा मी नेम फार आडवा धरला. गोळी पाण्यावरून चपटा दगड उडावा तशी उडाली आणि पलीकडच्या पळसाची फांदी घेऊन गेली. मी घाबरून बंदूक खाली ठेवली. भाऊजी मात्र बांधावर नाचत होते, की बघ, पाण्यानं तिला हाकलून लावलं.

पण रेतीचं पोतं अंगावर बांधून कुणी जंगलात चालत नाही, आणि बोडी काही सोबत नेता येत नाही. हे कळलं, तेव्हा भाऊजी परत आपल्या मागाकडे वळले. ढाल गोळीशी भांडते, म्हणून हरते, असं त्यांनी मला समजावलं. "मासा दगडानं अडते का? जाळ्यानं अडते. धागा तुटला नाही पाह्यजे, त्यानं गोळीले धरून आपल्यासंग ओढलं पाह्यजे. अन् कोशाहून चिवट धागा कोणता हाये, तूच सांग, पळालेल्या कोष्ट्या." लग्नसराईच्या साड्या तशाच अर्ध्या राहिल्या. भाऊजींनी नवा ताणा, म्हणजे उभे धागे, लावला आणि आडव्या धाग्यांचा बाणा इतका ठोकून बसवला की ते कापड जमिनीवर उभं केलं तर उभं राहायचं. त्याचे थर एकावर एक, एक उभा एक आडवा, असे शिवून त्यांनी बिनबाह्यांचं जाकीट केलं. साड्यांचा तगादा करायला आलेल्या व्यापाऱ्याला चहा पाजून तेच त्याच्या अंगात चढवलं, आणि तो बिचारा वैशाखात घाम पुसत, आपण कशासाठी आलो होतो ते विसरून निघून गेला.

परीक्षेच्या दिवशी भाऊजी जाकीट घालूनच एकोडीला आले. ताईही सोबत होती. भाऊजी बांधावर जाऊन छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, चालव. मी नाही म्हणालो, जाकीट कोंड्यानं भरलेल्या बोरीला, म्हणजे पोत्याला, घाला म्हटलं. त्यांनी मला भित्रा म्हटलं, शेतकरी म्हटलं, आणखीही काही म्हटलं. "बोरीले काय समजते? तिले दुखलं त ते सांगन काय?" शेवटी ताईनं शपथ घातली, तेव्हा त्यांनी जाकीट उतरवून त्या बोरीला घातलं, आणि तिची बटणं लेकराची लावावी तशी लावली.

ते बटणं लावत होते तेवढ्यात ताई मला गोठ्याच्या आड घेऊन गेली. ते झोपत नाहीत, असं ती म्हणाली. ताट समोर असतं, जेवत नाहीत. कुठं फटाका वाजला तरी उठून दारात उभे राहतात. "भाऊ, कसंही कर, पण याईचं मन निवव. नाहीतर हा माणूस माह्या हातचा जाते." तिनं बंदुकीचं नावही घेतलं नाही. तिला बंदुकीतलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं.

नळीत दारू मी अर्धीच ओतली. अर्धीही नसेल. उरलेल्या जागी चिंध्या कोंबल्या, म्हणजे ठासताना गज आत नेहमीइतकाच जावा. भाऊजींना जगातलं सगळं थांबणं माहीत होतं, पण भरणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्यावर सोडलेलं होतं. बार झाला, धूर झाला. गोळी कोशाच्या थरांत अडकून बसली होती. भाऊजींनी ती चिमटीत धरून काढली आणि तळहातावर ठेवली. मग मोहाच्या सावलीत जाऊन बसले, बसल्याबसल्या आडवे झाले, आणि झोपले. दिवस कलेपर्यंत झोपले. त्यांचे पाय हलत नव्हते. ताई पदरानं त्यांच्या तोंडावरच्या माशा वारत होती आणि माझ्याकडे बघून रडत होती. त्या घडीला मला वाटलं, हातून एवढं पुण्य आजवर झालं नाही.

पोळ्याला भाचा सुटीवर आला. जाकीट भाऊजींनी परीक्षेनंतर लगेच त्याच्याकडे पोचवलं होतं. जेवताना सहज म्हणाला, की खात्याचं जाकीट फार जड पडतं, उन्हात जीव जातो. कधी कधी ते ठेवून देतो आणि बाबाचंच घालतो. भाऊजींनी मान खाली घालून भाताचा घास घेतला, पण त्यांचा फुललेला चेहरा मी पाहिला. तो हात धुवायला उठला तेव्हा त्याला मोरीवर गाठून मी म्हणालो, खात्याचं जाकीट सोडू नको. का, ते सांगितलं नाही. तो हसला. "काहून मामाजी? तुमीच त गोळी चालवली होती."

तेव्हा सांगायचं होतं. मोरीपासून भाऊजींच्या पाटापर्यंत चार पावलं होती. मी सुपारी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं एकोडीला आलो. माझ्या भरमारची पूर्ण भरलेली गोळीसुद्धा जंगलातल्या बंदुकांपुढे पोरखेळ होती, हे मला ठाऊक होतं. पण निदान ती आरपार गेली असती, आणि भाऊजी तो कोसा घडी करून ठेवून पुन्हा मुलाला खात्याच्या जाकिटाची आण घालायला लागले असते. ते झालं नाही. त्याऐवजी भाऊजी रात्री झोपू लागले, आणि जागा मी राहू लागलो. फोन वाजला की आधी मी बायकोचा चेहरा बघायचो, मग उचलायचो. बरीच वर्षं असं चाललं. मग भाच्याची बदली इकडे झाली. पोरगा धडधाकट परत आला. एकही गोळी त्याच्या वाट्याला आली नाही. ती आली नाही, एवढंच. माझ्यामुळे तर नाहीच. जाकीट भाऊजींच्या बैठकीत खुंटीला लटकलं, आणि आलेल्या-गेलेल्याला ते आजही दाखवतात: "हे माह्या साळ्यानं पास केलेलं हाये."

आता भाऊजी थकले आहेत. माग जवळजवळ बंद असतो. लग्नात आपण होऊन सोफ्यावर बसतात, एसटीत मिळेल ती जागा घेतात. आम्ही सगळे म्हणायचो, की भाऊजी निवले. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांच्या शेजारच्या घरातली मुलगी, जिचं बारसं ताईच्या अंगणात झालं, पोलिसात लागली आहे आणि तिलाही तिकडेच पाठवताहेत. भाऊजींनी नवा ताणा लावला आहे. हात कापतात, धागा तुटतो, पण पोरगी जाण्याआधी जाकीट पुरं करतो म्हणाले. बोलताना पलीकडून काहीतरी सारखं ठकठक वाजत होतं. ताई मागून म्हणाली, पाय हलून राहिले त्याईचे, दुसरं काय.

मी विचारलं, परीक्षा घ्यायला कधी येता. म्हटलं, या वेळी दारू तुमच्यासमोर भरतो. ते हसले. म्हणाले, आता कायची परीक्षा, एकदा पास झालेल्याला पुन्हा कुणी पेपरला बसवते का, अन् तू हातानं चालवली, मी डोळ्यानं पाहिली, याहून मोठी खातरी कोणती. आणि मग, आवाज उतरवून: "खरं सांगू का बापू, त्या दिवशी तू नसता त माह्यानं हे सारे वर्सं निघाले नसते."

मी फोन ठेवला, तो त्यांना करायला अजून उचललेला नाही. दारू मी अर्धीच भरली होती, हे भाऊजींना सांगायचं देणं माझ्यावर आहे, आणि ते ती मुलगी जाण्याच्या आधी फेडायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.