मागाच्या खोलीत पेन

माझ्या गावाहून, पवनीहून, मला अजूनही फोन येतात. उन्हाळा संपत आला की जास्त येतात. पलीकडे बहुतेक वेळा कुणाची तरी आई किंवा वडील असतात आणि प्रश्न ठरलेला असतो: पोराला प्रवेश परीक्षेत स्कोअर झकास आहे, पण बारावीला मार्क कमी पडले, आता चान्स किती? मी नियम सांगते. तो वेबसाइटवरही असतो, पण आमच्याकडे छापलेल्या गोष्टीवर कुणी तोंडाने सांगितल्याशिवाय भरवसा बसत नाही. तोंडी गोष्टींवरच्या याच भरवशाने माझं एक वर्ष खाल्लं, म्हणून मी फोन उचलते आणि न चिडता सांगते.

आमच्या घरात हातमाग आहे. बाबा त्यावर टसर रेशमाची लुगडी विणतात. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून चरखा फिरवून कांड्या भरायचं काम माझ्याकडे होतं. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची नळी. ती संपली की माग थांबतो, आणि माग थांबला की बाबांचं तोंड सुरू होतं. मागाच्या खोलीला एकच कडक नियम होता. आत पेन आणायचं नाही. सुताला शाई लागली तर ती निघत नाही आणि डागाचं लुगडं व्यापारी हातात घेऊन परत करतो. आईसुद्धा हळदीचे हात घेऊन त्या उंबऱ्याच्या आत यायची नाही.

मग माझा अभ्यास तोंडी व्हायला लागला. आधी पाढे, मग धाग्यांचे हिशोब, मग पुस्तकातली गणितं. अकरावी-बारावीचं पुस्तक एका स्टुलावर उघडं ठेवलेलं असायचं. मी गणित मोठ्याने वाचायची, चरखा फिरवत मनात सोडवायची. बाबा धोटा फेकता फेकता विचारायचे, "किती?" मी उत्तर सांगायची. मग ते वाकून पुस्तकाच्या शेवटची उत्तरांची पानं बघायचे आणि म्हणायचे, "बराबर." बाबा आठवीपर्यंत शिकलेले. मधलं काही त्यांना कळत नव्हतं, पण उत्तर जुळतं की नाही हे त्यांना बघता येत होतं, आणि तेवढ्यात ते खूश होते. मीही होते. आमच्या पुस्तकाची शेवटची पानं आधी फाटली, पहिला धडा कोराच राहिला.

या पद्धतीने इंजिनिअरिंगच्या मोठ्या प्रवेश परीक्षेत मी सगळ्यांना मागे टाकलं. त्या परीक्षेत चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. तुम्ही तिथवर कसे पोहोचलात याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. स्कोअर इतका चांगला आला की नागपूरच्या सरकारी कॉलेजात, केंद्राच्या, मला कॉम्प्युटरची शाखा मिळणार हे आमच्या आळीने ठरवूनच टाकलं. जे कधी घरी आले नव्हते ते पेढे खायला आले. एका काकूंनी तर माझ्या हातचा चहा पिताना सांगितलं की त्यांना हे लहानपणीच दिसलं होतं. दिसलं होतं तर आम्हाला का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही.

मग बारावीचा निकाल लागला. भाषांना बरे मार्क होते. गणितात मी काठावर पास होते आणि फिजिक्सही त्याच्याच जवळपास रेंगाळत होतं. त्या कॉलेजाला स्कोअरबरोबर बारावीलाही पंचाहत्तर टक्के लागतात. माझे तेवढे होत नव्हते. गणित आणि फिजिक्सने ते खाली ओढले होते, आणि हुकलं ते हुकलं.

आमच्या ज्युनिअर कॉलेजचे गणिताचे सर शांत स्वभावाचे. त्यांनी मला आणि बाबांना खुर्च्या दिल्या आणि मला विचारलं, "पेपरात तू लिहिलंस काय?"

"उत्तरं," मी म्हटलं.

"आणि?"

"गणित आणि उत्तर."

सर हसले नाहीत. बोर्डाच्या पेपरात मार्क पायऱ्यांना असतात, नुसत्या उत्तराला काही मिळत नाही, हे ते वर्गात सारखं सांगत असत. मी ऐकलंही होतं. पण मधलं लिहायचं म्हणजे ज्यांना उत्तर येत नाही त्यांच्यासाठी काहीतरी सोय असावी, अशी माझी समजूत होती.

बाबांना ते पटलंच नाही. "उत्तर बराबर होतं ना, सर? मंग मार्क कायले कापले?"

"तिला येतं हे मला माहीत आहे. तपासणाऱ्याला कसं कळणार?"

"त्याले सांगता येत नाही का?"

सरांनी पंख्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माग बंद ठेवला. ठेवणीतला शर्ट घातला आणि उमरेडवरून जाणाऱ्या एसटीने मला घेऊन नागपूरला बोर्डाच्या ऑफिसात गेले. तिथे त्यांनी काय केलं ते मी आज शांतपणे सांगू शकते, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. टेबलामागच्या साहेबांसमोर त्यांनी मला उभं केलं आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरीले सारं तोंडी येते. तुमीच इचारा. आत्ता इचारा."

साहेब भला माणूस होता. मागे रांग होती, तरी त्यांनी कागदावर बघून एक मोठा गुणाकार विचारला. मी उत्तर सांगितलं. त्यांनी मोबाइलवर करून पाहिलं आणि बाजूच्या बाईंना म्हणाले, "बघा, बघा!" बाबांची मान ताठ झाली. त्यांना वाटलं, झालं काम. मग साहेब म्हणाले, "काका, पोरगी हुशार आहे. पण आम्ही पेपरात असेल तेवढंच बघतो. पुढच्या वेळी परीक्षेला पुन्हा बसवा, मार्क सुधारतील."

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. भिवापूर आल्यावर म्हणाले, "मीच तुले तसं शिकवलं." मला त्यांचा राग आलेला होता, आणि ते असं बोलले म्हणून आणखी आला. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि मला ते खोटं म्हणता येत नव्हतं.

आईचं मत होतं की मिळेल त्या कॉलेजात नाव घालावं. खासगी कॉलेजं घ्यायला तयार होती. "वरीसभर घरी बसून काय करतेस? लोक इचारतीन," ती म्हणाली. लोक विचारत होतेच. पेढे खाल्लेल्या काकू सर्वांत आधी आल्या. मी हट्टाने वर्ष थांबले. बारावी पुन्हा द्यायची, आणि स्कोअर एकाच वर्षापुरता चालतो म्हणून ती मोठी परीक्षाही पुन्हा द्यायची. दोन्हीकडे जमलं तर नागपूर, एकीकडे जरी घसरलं तरी वर्ष वाया.

मी बाहेरच्या खोलीत बसून पायऱ्या लिहायला लागले आणि मला ते जमेना. दोन ओळी झाल्या की हात थेट उत्तरावर जायचा. मधल्या ओळी मला दिसायच्याच नाहीत, मनात त्या इतक्या झरकन जायच्या. सरांना सोडवलेले पेपर दाखवले की ते लाल पेनाने मध्येमध्ये मोकळ्या जागा दाखवायचे. "इथून इथं उडी मारलीस. कशी?" मी चिडून पेपर घडी करायची.

एका दुपारी मी वही आपटली. आतून मागाचा आवाज थांबला.

"आत ये," बाबा म्हणाले.

मी दारात उभी राहिले.

"पेन घेऊन ये."

आई चुलीपाशी होती. तिने वळून उंबऱ्याकडे बघितलं.

बाबांनी लुगड्याची घडी घालायची फळी माझ्यापुढे सरकवली आणि चरखा आपल्या बाजूला ओढून घेतला. म्हणजे त्या दिवसापासून कांड्याही तेच भरणार होते. मी गणित वाचलं, पहिली ओळ लिहिली आणि सवयीने उत्तर सांगितलं. त्यांनी शेवटची पानं उघडली नाहीत.

"काहून?" ते म्हणाले.

"काहून म्हणजे?"

"असं काहून आलं ते सांग. मले समजलं पायजे."

त्यांना समजायला पाहिजे म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं. एक चिन्ह या बाजूचं त्या बाजूला गेलं तरी ते का गेलं असं विचारायचे, काहून. मी सांगायची, सांगितलेलं लिहायची, ते मान हलवायचे, मगच पुढची ओळ. जिथे ते मान हलवायचे नाहीत तिथे हमखास माझी उडी असायची. मी कितीदा तरी वैतागले. "बाबा, एवढं तर पोरंसोरं पण समजतात!" ते म्हणायचे, "मंग मले सांगायले कायचा तरास व?" माग कधी चालायचा, कधी अर्धी दुपार गप्प असायचा. दिवाळीचं लुगडं दिवाळीनंतर गेलं.

थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. एक आकृती त्यांना काही केल्या उमजेना. मी उठून त्यांच्याजवळ गेले, वही मागावर टेकवली आणि पेनाने दाखवायला लागले. हात पुढे गेला आणि पेनाचं टोक ताणलेल्या सुतावरून गेलं. पांढऱ्या टसरवर पदराच्या काठाजवळ एक निळी रेघ उमटली. मी बाबांकडे बघायचं टाळलं. त्यांनी रेघेवर अंगठा फिरवला. ती पुसली गेली नाही.

"मंग पुढं?" ते म्हणाले. "ही रेघ हिले समांतर आहे, ती काहून?"

मला रडू आलं. रडत रडत मी त्यांना समांतर रेघा समजावून सांगितल्या आणि त्यांनी मान हलवली.

त्या वर्षी गणितात मला भरभरून मार्क पडले, फिजिक्सही सुधारलं. पंचाहत्तरचा उंबरा आरामात ओलांडला. गंमत म्हणजे मोठ्या परीक्षेत स्कोअर आधीपेक्षा घसरला. हात सारखा बाजूच्या कोऱ्या कागदावर पायऱ्या लिहीत बसला आणि वेळ संपला. कॉम्प्युटर गेलं. नागपूर मात्र मिळालं, धातूंची शाखा. काकू म्हणाल्या, एवढा घोळ घालून शेवटी लोखंडच. आईने त्यांना चहा विचारला नाही.

ते लुगडं व्यापाऱ्याने परत केलं, हे सांगायला नकोच. मला हॉस्टेलवर सोडायला आली तेव्हा आई तेच नेसून आली होती. निळी रेघ पदरावर समोरच दिसत होती. ती झाकून घे म्हटलं तर म्हणाली, "असू दे." बाबांनी माझी खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली आणि टेबल चांगलं आहे म्हणाले.

पहिल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आतून मागाचा आवाज येत होता. मी पिशवी टाकली आणि सरळ मागाच्या खोलीकडे निघाले. दारातच बाबांनी माझ्या खिशाकडे बघितलं.

"पेन बाहेर ठेव," ते म्हणाले.

मी पेन काढून उंबऱ्याबाहेर ठेवलं, आत गेले आणि कांड्या भरायला बसले.