मयुरीची सिस्टिम आणि कानबाईचे रोट

सुरतच्या डिंडोलीतल्या बोरशांची मयुरी विद्यापीठात नेमकं काय शिकते, हे तिच्या घरात तिच्याखेरीज कोणालाच धड सांगता येत नसे. अभ्यासक्रमाचं नाव होतं बिझनेस टेक्नॉलॉजी अँड इन्फर्मेशन सिस्टिम्स मॅनेजमेंट. तिचे वडील बन्सीलाल पांडेसऱ्यातल्या लूमच्या कारखान्यात मास्टर होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची त्यांना सवय, पण हे नाव सांगायची वेळ आली की त्यांचा घसा बसायचा. "कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण" एवढं म्हणून ते मोकळे होत. आई कलाबाईनं तर पोरगी बँकेचं काहीतरी शिकते असं परस्पर जाहीर करून टाकलं होतं, कारण बँक सगळ्यांना समजते. परिणामी गल्लीत कोणाचा मोबाईल बंद पडला की तो मयुरीकडे यायचा, आणि कोणाचं पासबुक अडलं की तेही मयुरीकडेच यायचं. दोन्हींतलं तिला काही कळत नव्हतं.

तिचा स्वतःचा त्यात काही हात नव्हता, असंही नाही. शिकायला लागल्यापासून तिला जिकडेतिकडे सिस्टिम दिसू लागली होती. सकाळी चहाला उशीर झाला तर बाकीची माणसं कुरकुर करतात. मयुरीनं मात्र शोध लावला, की घरात गाळणी एकच असल्यामुळे सगळं काम तिथं तुंबतं. कलाबाई म्हणाली, मग दुसरी घेऊन ये की. पण गाळणी घेऊन येणं तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं. सकाळी बाथरूमला कोणी कधी जायचं याचा तक्ता करून तिनं दारावर लावला, तर मोठा भाऊ धर्मेंद्र यानं त्यावर आपला टॉवेल वाळत घातला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त हा उंट तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होता.

पुढे पाचव्या सेमिस्टरला जिज्ञासा मॅडमनी फर्मान काढलं. प्रत्येकानं खऱ्याखुऱ्या माणसांसाठी खरीखुरी सिस्टिम करायची, आणि साडीच्या दुकानाचा स्टॉक घेऊन कोणी आलं तर त्याचं तोंड बघणार नाही. ऐकून निम्मा वर्ग खाली बसला, कारण निम्म्या वर्गाच्या घरी साडीचं दुकान होतं. शेवटी ज्याच्यासाठी सिस्टिम केली त्यानं, म्हणजे क्लायंटनं, मोबाईलसमोर बसून ती पटली असं आपल्या तोंडानं सांगायचं. तो व्हिडिओ नसेल तर प्रोजेक्ट नापास आणि सेमिस्टर पुन्हा. मयुरीच्या घरी दुकान नव्हतं. तिच्या घरी भाऊबंद होते.

बोरसे मूळचे अमळनेरकडचे. एकामागून एक मागावर कामाला सुरतेत आले आणि इथंच राहिले. काही घरं डिंडोलीत, काही बमरोलीत, एक बारडोलीला साखर कारखान्यापाशी. एरवी कोणी कोणाच्या दारात फिरकत नाही, पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा सगळे एका घरी जमतात. खानदेश सोडताना माणसांनी देवीला काही मागे ठेवलं नाही. आदल्या दिवशी तिच्या रोटांसाठी गहू मोजायचे असतात. घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू ताटात टाकायचे. कालपरवा जन्मलेला असला तरी त्याची मूठ असते. ते गहू दळून गोड रोट होतात. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि पुनवेच्या आत पीठ संपवायचं.

बायकांची मूठ नसते. पोरगी लग्न होऊन जाणारी म्हणून तिची नाही, आणि सून आलेली म्हणून तिची नाही. मग या घरची बाई म्हणायची तरी कोणती, हे कानबाईला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ती देवी स्वतःच बाई असल्यानं तिनंही कधी विषय काढला नव्हता.

काम सोपं दिसतं, पण दरवर्षी घोळ ठरलेला. एका वर्षी बमरोलीच्या गजेंद्रच्या तान्ह्या मुलाची मूठ राहिली आणि गजेंद्र पुढच्या श्रावणापर्यंत रुसून बसला. दुसऱ्या वर्षी बाबुरावांची मूठ मोजली गेली, आणि बाबुराव शिमग्यालाच वारले होते. यंदा कानबाई पहिल्यांदाच बन्सीलालांच्या घरी बसणार होती. या मानाची त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती, आणि आता मान मिळाला तर झोप उडाली होती, की यंदा कोण राहतो आणि कोण मेलेला उठून बसतो. मयुरी म्हणाली, मी सिस्टिम करते. बन्सीलालांचे थोरले चुलतभाऊ भिकन आबा घराण्यात पुरुषांमध्ये सर्वांत वडील. तेच क्लायंट झाले. मोबाईलसमोर बोलायचं म्हटल्यावर आबांनी तेव्हाच मिशा रंगवायचं मनावर घेतलं.

मॅडमनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं, जी माहिती लागत नाही ती मागू नका. मयुरी आज्ञाधारक. तिनं नाव, घर, जन्माचं साल आणि माणूस हयात आहे की नाही, एवढेच रकाने ठेवले. बाई की पुरुष, हा रकाना ठेवलाच नाही. यात बंडबिंड काही नव्हतं. मूठ पुरुषाचीच असते हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि इतकं माहीत होतं की ते सिस्टिमलाही सांगावं लागतं हे तिला सुचलंच नाही. तिनं सगळ्या घरांना निरोप पाठवला, घरात कोण कोण आहे ते कळवा. लोकांनी कळवलं. येणारी नावं ती वाचत होती, पण मेलेलं कोणी आत आलं नाही ना आणि तान्हं कोणी बाहेर राहिलं नाही ना, एवढंच बघत होती. करायला गेले गणपती, तर असा मारुती होतो.

शनिवारी सकाळी बन्सीलालांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. मोजायला बसली शांताबाई, भिकन आबांची आई. अख्खं घराणं तिला मोठी माय म्हणे. सासूनं हा मान तिच्या हातात दिला तेव्हापासून दरवर्षी मुठी तीच मोजत आली होती. बोरशांचा नियम असा, की मोजणी सुरू झाली की नावं घेणाऱ्याखेरीज कोणी तोंड उघडायचं नाही. उघडलं तर मोजलेलं सगळं बाजूला, नवे गहू आणा, पुन्हा पहिल्यापासून. नावं घ्यायला मोबाईल घेऊन मयुरी बसली. सिस्टिम वयाप्रमाणे नावं दाखवणार होती, सर्वांत वडील आधी. भिकन आबा सावरून बसले.

मयुरीनं पडद्यावरचं पहिलं नाव वाचलं. "शांताबाई."

वाचलं आणि मग तिला कळलं. मोठ्या मायचा हात गव्हात होता, तो तिथंच थांबला. तिनं मान वर करून मयुरीकडे पाहिलं. भिकन आबांचं तोंड उघडलं आणि नियम आठवून मिटलं. मग मोठ्या मायनं एक मूठ उचलली, ताटात सोडली, वर पाव मूठ टाकली, आणि पुढच्या नावासाठी थांबली.

आता मयुरीनं तरी काय करावं? गप्प बसावं तर मोजणी मोडते, चूक झाली म्हणावं तरी मोडते, आणि बायकांची नावं गाळावीत तर पहिलीच मूठ बाईची पडलेली. ती वाचत गेली. भिकन. मग आबांची बायको कुसुम. मग बन्सीलाल, मग कलाबाई. स्वतःचं नाव आलं तसा कलाबाईनं पदर नीट केला. ओळीनं बसलेले पुरुष लाल होत चालले होते, धर्मेंद्र तोंडात रुमाल कोंबून हसू दाबत होता, आणि बायका एकमेकींकडे न बघता ताटाकडे बघत होत्या. मयुरीनं आपलं नाव अगदी हळू वाचलं. मोजणी संपली तेव्हा दरवर्षीच्या दुप्पट गहू ताटात होते.

तोंडं मोकळी झाल्यावर जे व्हायचं ते झालं. भिकन आबा म्हणाले, शिकून पोरगी डोक्यावर बसली, घराण्याच्या रीतीवर हात टाकायला हिला कोणी सांगितलं? बन्सीलालांना आपल्या मानाच्या वर्षी खाली बघावं लागलं. बारडोलीच्या काकांना वेगळीच चिंता, की एवढे रोट पुनवेच्या आत खाणार कोण. पण मोजलेले गहू परत पोत्यात जात नाहीत, म्हणून सगळे दळायला गेले.

तिकडे चुलत बहिणींच्या ग्रुपवर मयुरी रातोरात थोर झाली. प्रियांकानं लिहिलं, तू जे केलंस त्याची कोणाची हिंमत नव्हती. स्नेहानं तिचा फोटो स्टेटसला ठेवला. मयुरीनं ते सगळं वाचलं आणि, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. चूक झाली असं लिहायला ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा नुसता हसरा चेहरा पाठवून उठली. कलाबाई म्हणाली, आबांची माफी माग, पाया पड, विषय संपव. बन्सीलाल खाली बघत पूजेची तयारी करत राहिले, आणि तेच तिला जास्त लागलं.

रविवारी कानबाई बसली, आरती झाली. पण मयुरीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिनं जिन्यात जाऊन मॅडमना फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. मॅडम आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "बधाने खबर होय ने, बेटा, ए कोई कहेतुं नथी." सगळ्यांना ठाऊक असतं तेच कोणी सांगत नाही, म्हणून तेच आधी विचारायचं, हे त्यांनी वर्गातही सांगितलं होतं. त्या दिवशी मयुरीनं ते वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं. चूक दुरुस्त करायची की तशीच ठेवायची हे क्लायंट ठरवेल, पण क्लायंटशी खोटं बोलायचं नाही, एवढं बजावून मॅडमनी फोन ठेवला.

सोमवारी कानबाईला निरोप देऊन सगळे पंगतीला बसले. ताटात खीर, गिलक्याची भजी आणि रोटांची चळत. भिकन आबांनी मयुरीला समोर बोलावलं.

"पोरी, खरं सांग," आबा म्हणाले. "हाई तू जाणीसन करं, का चूक व्हयनी?"

प्रियांका आणि स्नेहा समोरच बसल्या होत्या. जाणूनबुजून केलं म्हणावं तर आबा व्हिडिओ देणार नाहीत, वडिलांची मान कायमची खाली जाईल, आणि शिवाय ते खरं नव्हतं. चूक झाली म्हणावं तर त्या दोघींकडे बघायची सोय राहणार नाही.

"चूक झाली, आबा," मयुरी म्हणाली. "मी विचारलंच नाही. मला सुचलंच नाही."

प्रियांकानं मान खाली घातली. आबांचा चेहरा मात्र सैल झाला. ते म्हणाले, मग झालं तर, चूक माणसाकडूनच होते, पुढच्या वर्षी दुरुस्त कर, आण तुझा मोबाईल, तुझ्या मॅडमना मी चांगलंच सांगतो. बन्सीलालांनी दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास सोडला. आबांनी रोट मोडला आणि सवयीनं आईकडे बघून विचारलं, ठीक आहे ना, माय?

मोठी माय भिंतीला टेकून जेवत होती. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"पोरनी चूक व्हयनी," ती म्हणाली. "मन्ही नही व्हयनी. मन्हा हात कोनी धरेल नव्हता, भिकन. मी जाणीसन मोजं."

खरंच तर होतं. नाव घेतलं म्हणून हात उचललाच पाहिजे असं त्या नियमात कुठं होतं? तिनं नुसता हात गव्हात ठेवला असता, तर मयुरीनं ते नाव सोडून पुढचं घेतलं असतं. सासऱ्याची, नवऱ्याची, पोरांची, नातवांची, साऱ्यांची मूठ तिनं आयुष्यभर मोजली होती.

"बठ्ठास्न्या मुठी मोज्या," ती म्हणाली. "मन्ही कधी मोजी नही. आते मोजी."

आणि ती पुन्हा जेवू लागली.

भिकन आबांनी मोडलेला रोट ताटात ठेवला आणि बाजूला पाहिलं. शेजारी बसलेली कुसुम ताटाकडे बघत होती. मग त्यांनी हात धुतला, टोपी सरळ केली आणि मयुरीला मोबाईल धर म्हणाले. रंगवलेल्या मिशांवरून बोट फिरवायचंही ते विसरले.

"आम्ही सांगेल नव्हतं, ते हाई सिस्टिमनी करं," ते मोबाईलमध्ये बघून म्हणाले. "आते ते तसंच ऱ्हाऊ द्या."

एवढंच बोलले. आपल्या हातून जे नकळत झालं ते एका म्हातारीनं सगळ्यांदेखत जाणूनबुजून आपलं म्हटलं, याचं तिला इतकं रडू आलं की मोबाईल खाली ठेवावा लागला. मोठ्या मायनं तिला जवळ बसवून घेतलं, तिच्यापुढे रोट वाढला आणि म्हणाली, रडू नको, खा, तुझ्या मुठीचंही पीठ संपायचं आहे.