टपाला न टेकणारं कॅरियर

रीताला मी पहिल्यांदा पाहिलं ते जीपखालून बाहेर येताना. आधी दोन चपला दिसल्या, मग ग्रीसनं माखलेला कुर्ता, मग हातातला पाना आणि सगळ्यात शेवटी तोंड. तीस वर्षं मी नाटक कंपनीच्या गाडीबरोबर गावोगाव फिरलो, नायिकांच्या कितीतरी एंट्र्या विंगेतून पाहिल्या. पण इतकी सावकाश आणि इतकी बेफिकीर एंट्री कुणाची पाहिली नव्हती. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "खोली तुमालेच पायजे का काका? पंखा आवाज करते बरं."

आवाजाचं मला वावडं नव्हतं. हायवेवरच्या जाम गावच्या चौकातल्या मोतीलालजींच्या दुकानामागची ती खोली मी घेतली. दुकान बोअरच्या मोटारी, पाइप, केबल अशा सामानाचं. मोतीलालजी पस्तीस वर्षं गादीवर बसलेले, मुलगा निकेश गल्ल्यावर, आणि रीता ही निकेशची बायको. शेतातल्या बोअरमध्ये मोटर जळाली की ती वर काढायची, नवी खाली सोडायची, हे काम रीता करते. चार वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात मोटारी काढणारी टोळी आठ दिवस आलीच नाही. गिऱ्हाइकं दुकानात येऊन रागावू लागली. तेव्हा प्रेमदास वेल्डरला सोबत घेऊन ती स्वतःच निघाली आणि मग थांबलीच नाही.

काम ऐकायला सोपं आहे. दोन-सव्वादोनशे फूट खोल बोअर, त्यात दहा-दहा फुटांचे पाइप एकाला एक आट्यांनी जोडलेले, आणि तळाशी मोटर. बोअरच्या तोंडावर लोखंडी पाइपांची तिपाई उभी करायची, तिला साखळीची कप्पी टांगायची आणि एकेक पाइप ओढून सोडवायचा. दहा फुटी पाइप अख्खा बाहेर यायचा तर तिपाई चांगली उंच लागते. म्हणून तिचा एकेक पाय अठरा फुटांचा. हे तीन पाय शेतापर्यंत न्यायचे कसे, यावरच सगळं अडत होतं. उन्हाळ्यात ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही. म्हणून मी यायच्या थोडे दिवस आधी रीतानं हट्टानं नागपूरहून जुनी, चारही चाकं ओढणारी जीप आणली.

जीप आली तसं तिच्या टपावर कॅरियर लागणार हे ठरलेलंच होतं. ते निवडलं मात्र मोतीलालजींनी. माणूस दिलदार, पण हाडाचा दुकानदार. त्यांनी वर्ध्याहून चकचकीत ॲल्युमिनियमचं कॅरियर आणलं, निकेशनं ते टपाच्या कडेच्या पन्हाळीला क्लिपा आवळून बसवलं, आणि त्याच्या पुढच्या बाजूला आडवी पाटी ठोकली: लाल पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत दुकानाचं नाव आणि फोन नंबर. हायवेवरून जाणारा येणारा वाचेल, असा हिशोब. पाटी इतकी देखणी होती की मीसुद्धा तारीफ केली. आज त्याची लाज वाटते. इतकी वर्षं गाडीच्या टपावर नाटकाचं सामान बांधूनही मला त्यातली खोट दिसली नाही.

खोट अशी, की पाटीमुळे तिपाईचे पाइप पुढे बॉनेटवर जाऊच शकत नव्हते. ते पाटीच्या मागे ढकलावे लागले आणि जीपच्या पाठीमागे चांगले नऊ-दहा फूट लोंबत राहिले.

पहिलंच काम शकुबाईच्या रोपवाटिकेचं होतं. शकुबाई पासष्टीची, एकटीच्या हिमतीवर मिरची-वांग्याची रोपं तयार करून विकणारी बाई. तिचं शेत नाल्यापलीकडे. जीप नाल्यात उतरली, आणि पलीकडच्या काठावर चढताना तिचं तोंड वर झालं तसे मागे लोंबणारे पाइप खाली गेले आणि जमिनीत रुतले. गाडी जराशी मागे सरकली. पाइप पुढे दाबले गेले, क्लिपा पन्हाळीतून उपटल्या, टप खोलगट झाला, पाटी उडून नाल्यात पडली. कुणाला लागलं नाही. पण शकुबाईची मोटर बोअरमध्येच राहिली, आणि जीप परत आली ती मार खाल्लेल्या नटासारखी मान खाली घालून.

त्या संध्याकाळी मोतीलालजी ओरडले नाहीत. त्यांनी हिंगणघाटच्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला आणि गाडी विकायची आहे म्हणून सांगितलं. तो माणूस रविवारी पाहायला येणार होता. दिवस मंगळवार. रीताला त्यांनी एवढंच सांगितलं की हौस झाली, आता घरात आणि दुकानात लक्ष दे.

जीप गेली की रीताचं काम गेलं, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. रीता शांतपणे म्हणाली, "बाबूजी, रविवारपर्यंत गाडी माही हाये ना? मग शकुबाईची मोटर मी काढून देतो. त्याच्यानंतर तुमाले पटन ते करा."

बुधवारी सकाळी ती मला घेऊन बसनं वर्ध्याला गेली. तीन दुकानं फिरलो. पोरगी हातात टेप घेऊन होती. विक्रेते टोपलीसारखी कॅरियर दाखवत, दिवे लावायची सोय दाखवत. ती प्रत्येकाला एकच विचारायची, की हे सगळं टेकतं कशावर. उत्तर कुठेही तेच: टपावर, नाहीतर पन्हाळीवर. आणि चालत्या गाडीत पन्नास किलोपेक्षा जास्त वजन ठेवू नका. तिच्या तीन पाइपांचं वजन ऐंशीच्या वर. आमच्या मोडलेल्या कॅरियरच्या खोक्यावरही तेच छापलेलं होतं, घरी येऊन तिनं ते मला वाचून दाखवलं. आधी कुणी वाचलंच नव्हतं.

"म्हणजे विकत मिळते ते सैपाकघरातल्या फळीवानी हाये," ती म्हणाली. "आपल्याले मांडव पायजे. सोताच्या पायावर उभा."

प्रेमदासच्या वर्कशॉपमध्ये तिनं खडूनं जमिनीवर चित्र काढलं. पुढच्या बंपरपाशी चेसिसला, गाडीच्या खालच्या लोखंडी कण्याला, बोल्ट केलेली एक चौकट, मागे तशीच दुसरी, दोन्हींना जोडणारे दोन आडवे दांडे टपाच्या वरून, पण टपाला न टेकता. वजन सगळं चौकटींमधून चेसिसवर. पुढची चौकट बंपरवर असल्यानं पाइप बॉनेटच्याही वरून पुढे येणार आणि मागे जेमतेम चार फूट राहणार. प्रेमदास चित्राभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला की जीप जनावराच्या पिंजऱ्यासारखी दिसेल.

"दिसू दे. तुले तिचं लगीन लावाचं हाये का?"

मागच्या चौकटीच्या वरच्या दांड्यावर तिनं एक मोठा पाइप सैल ओवायला लावला, गोल फिरेल असा. त्याच्यावरून जड पाइप घसरत उतरवता येतील, चार माणसांचं काम दोघांत होईल. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी त्या फिरत्या नळकांड्याला हात लावून पाहिला आणि मनोमन उभं राहून टाळ्या वाजवल्या.

माझाही थोडा उपयोग झाला, तो सांगतो. कंपनीच्या गाडीवर आमचा नियम होता: पेट्या खाली, बांबू आणि पडदे वर. जड ते पोटात, लांब ते डोक्यावर. रीता कप्पी आणि साखळीही वर ठेवणार होती. मी म्हटलं, ती खाली, मागच्या चाकाच्या पुढे ठेव, नाहीतर नाल्याच्या उतारावर गाडी एका कुशीवर कलंडायला पाहील. पाइपांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालायला लावले, म्हणजे लोखंडावर लोखंड सरकत नाही. तिन्ही पाइप एकत्र गुंडाळून न बांधता दोरी प्रत्येकाभोवती वेगळा वेढा घेत न्यायची, आणि निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा कसायची. पहिल्या हादऱ्यांत प्रत्येक बांधणी सैल होते. हे शेवटचं तिनं दोनदा विचारून घेतलं.

शनिवारी दुपारी मोतीलालजी वर्कशॉपमध्ये आले. नाल्यातून उचलून आणलेली पाटी निकेशच्या हातात होती, ठोकून सरळ केलेली. एवढ्या उंचीवर पाटी छान दिसेल, असं त्यांचं म्हणणं. रीतानं पाना खाली ठेवला.

"नाव दारावर रंगवा ना, बाबूजी. दोन्हीकून रंगवा."

"दारावरचं कोण वाचते? गाडी भर्रकन जाते."

"वर पत्रा लावला तं हवा धरते अन् पाइपाची वाट अडवते. मागच्या वेळी काय झालं ते तुमी पाह्यलं."

"माह्या बापाचं नाव हाये त्याच्यावर, बहू."

रीताला ते लागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी ती म्हणाली, "म्हणूनच म्हणतो. पुन्हा नाल्यात नोको पडाले."

मोतीलालजी निघून गेले. निकेश पाटी घेऊन तिथंच उभा राहिला, मग त्यानं ती भिंतीला टेकवली आणि बायकोला बोल्ट देऊ लागला. मला तो मुलगा त्या दिवसापासून आवडतो. काम झाल्यावर रीतानं टप आणि दांड्यांच्या मधल्या फटीतून वर्तमानपत्राचा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहिला. कुठेही अडला नाही.

रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो: रीता, प्रेमदास आणि मी. निकेशला दुकान सोडता येत नव्हतं. मागच्या टोकांना लाल फडकं बांधलेलं. तीन किलोमीटरवर थांबून दोऱ्या कसल्या. खरंच बोटभर सैल झाल्या होत्या. नाल्यापाशी रीता आधी पायी उतरली, काठ पाहिला, मग मला म्हणाली की काका, तुम्ही बाजूला उभे राहून मागची टोकं किती वर आहेत ते ओरडून सांगा. ओरडणं माझ्या हातचं काम. जीपचं तोंड वर झालं, लाल फडकी खाली आली, वीतभर अंतर राहिलं, आणि मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगितलं. पुढची चाकं काठावर चढली. टोकं पुन्हा वर उचलली गेली.

शकुबाई शेडच्या दारात उभी होती. पाच दिवस ती शेजारच्या विहिरीवरून घागरींनी पाणी आणून रोपं जगवत होती. तिनं जीपकडे पाहिलं, म्हणाली, "आली का? मले वाटलं आता जीप सोडून डोलीत बसूनच येशीन." मग प्रेमदासच्या हातात पाण्याचा गडू दिला आणि शेडमध्ये निघून गेली.

रीतानं जीप मागे घेत बोअरच्या तोंडाशी लावली. फिरत्या नळकांड्यावरून पाइप एकेक करत सरकले, टोकं जमिनीवर टेकली, ती स्वतः कॅरियरवर चढून वरच्या टोकात बोल्ट घालू लागली. पाऊण तासात तिपाई उभी. मग साखळीची कडकड, पाइप वर, खालच्या पाइपाला पकड, आटे सुटले, पाइप बाजूला. पुन्हा साखळी. बावीस पाइप होते. नवव्याशी आटे सुटेनात, तेव्हा तिनं पान्याला लोखंडी नळी जोडून दांडा लांब केला आणि दोघांनी मिळून झोंबत तो सोडवला. तळहाताचं साल निघालं. तिनं त्यावर ओढणीची पट्टी गुंडाळली आणि दहाव्याला हात घातला.

अकराच्या सुमाराला नाल्याकडून मोतीलालजी येताना दिसले, मागे हिंगणघाटचं गिऱ्हाईक. गाडी दुकानात नव्हती म्हणून त्याला इथंच घेऊन आले होते. त्याची कार नाल्याअलीकडे ठेवून दोघं चालत आले. रीतानं मान वळवली नाही. अठरावा पाइप वर येत होता.

"बाबूजी, ते निळी दोरी धरा," ती म्हणाली. "मोटारीची हाये. ढिली पडू देऊ नोका."

मोतीलालजींनी इकडेतिकडे पाहिलं. आम्हा दोघांचे हात गुंतलेले होते. त्यांनी दोरी धरली. पांढरं धोतर, पायात चामड्याची चप्पल. पस्तीस वर्षं मोटारी विकलेला माणूस, पण विकलेली मोटर जमिनीच्या पोटातून कशी बाहेर येते ते त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं. बाविसावा पाइप आला, आणि त्याच्या टोकाला चिखलानं लडबडलेली, काळी पडलेली मोटर. ते वाकून पाहत राहिले.

"दर वेळेस एवढं करा लागते?" त्यांनी विचारलं.

"कधी कधी तीनशे फूट असते," रीता म्हणाली आणि नव्या मोटारीची केबल जोडायला बसली.

पाइप खाली जायला पुन्हा दोन तास लागले. मोतीलालजींनी दोरी शेवटपर्यंत सोडली नाही. दीड वाजता शकुबाईनं बटण दाबलं. आधी नळीतून हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. शकुबाईनं नळी उचलून थेट मिरचीच्या ट्रेंकडे नेली.

इतका वेळ सावलीत बसून कंटाळलेला हिंगणघाटचा माणूस उठला. त्यानं जीपभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली, बॉनेट उघडून इंजिन पाहिलं. गाडी चांगली आहे म्हणाला. "फक्त हा सांगाडा काढून द्या, मोतीलालजी. आमाले फॅमिलीसाठी पायजे. साधं स्टीलचं कॅरियर लावून घेऊ."

तिपाई पुन्हा कॅरियरवर टेकवून रीता वर चढून तिचा वरचा बोल्ट सोडवत होती. तिचा हात थांबला. शब्द तिनं दिला होता आणि त्याची मुदत आज संपत होती.

मोतीलालजींनी दोरीनं लाल झालेले तळवे धोतराला पुसले. ते जीपपाशी गेले, टप आणि दांड्याच्या मधल्या फटीत बोटं घातली, मागच्या चौकटीला धरून हलवून पाहिलं. हललं नाही.

"काढता नाई येत," ते म्हणाले.

"बोल्टच तं हायेत. माहा मेकॅनिक काढन."

"बोल्ट हायेत, पण गाडी याच्यासाठीच हाये, भाऊ. विकाची नाई. तुमाले फुकट चक्कर पडली, चाय घेऊन जा."

तो माणूस दोन-चार शब्द बोलला, तेही चुकीचे नव्हते. एवढ्या लांबून आणून असं करू नये म्हणाला. मोतीलालजींनी ऐकून घेतलं. तो नाल्याकडे चालता झाला. शकुबाईनं लांबूनच त्याला मिरची-वांग्याची रोपं हवीत का म्हणून विचारलं. तो नाल्यात उतरलाही होता.

रीता वरून म्हणाली, "बाबूजी, तो पाना द्या जरा."

मोतीलालजींनी पेटीतून एक पाना उचलून वर केला.

"हा नाई. चोवीस नंबरचा."

असे शेकडो पाने आयुष्यभर विकलेले मोतीलालजी मातीत बसले आणि पेटीतला एकेक पाना उन्हाकडे धरून त्यावरचा नंबर वाचू लागले.