काहून आलास गा?

नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामातून फोन आला, तेव्हा माझं प्रोबेशन संपायला चार दिवस उरले होते. आमची कंपनी त्या गोदामाला रोज सकाळी मालाची यादी पाठवते. यादी आमच्या सर्व्हरवर आपोआप तयार होते आणि थेट त्यांच्या प्रिंटरवर निघते. त्या दिवशी यादीच्या डोक्यावर, पहिल्या पोत्याच्याही आधी, इंग्रजी अक्षरांत एक ओळ छापून आली: काहून आलास गा?

गोदामाचे मॅनेजर वयस्क आहेत. ते आमच्या टीम लीड मॅडमना म्हणाले, "माह्याच गोदामात मलेच विचारून राहिला तुमचा कॉम्प्युटर."

मॅडमनी फोन ठेवला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. त्यांचंही बरोबर होतं. सगळ्या ऑफिसात 'कशाला'ला 'काहून' म्हणणारा मी एकटा. बाकीचे बहुतेक नागपूरचे असले तरी ऑफिसात शिरताना बोली चपलेसारखी बाहेर काढून येतात. मला ते अजून जमलेलं नव्हतं. मी नाही म्हणालो, तर त्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला. कुणी केलं ते शोधून दाखव, नाहीतर तुझ्या पक्क्या नोकरीच्या फॉर्मवर मला हे लिहावं लागेल.

आमचं घर उमरेडला, विणकराचं. घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागली त्या दिवशीच बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. प्रोबेशन म्हणजे काय, हे त्यांना सांगायची हिंमत मला झाली नव्हती.

सर्व्हरवर गेलो. टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी. ती उघडली तर काही नाही. यादीच्या फोल्डरमध्ये शिरलो आणि ओळ आली: काहून आलास गा? बाहेर पडलो, गप्प. परत शिरलो, परत तेच. असं पाच-सहा वेळा केलं. एखाद्या सोसायटीच्या वॉचमनची चेष्टा करावी तसं वाटत होतं.

यादीचा प्रोग्राम अक्षर न् अक्षर वाचला. त्यात ही ओळ नव्हती. टर्मिनल सुरू होताना वाचली जाणारी फाइल पाहिली. तीही स्वच्छ. मग लक्षात आलं की बोलणारा दारातच बसलेला आहे. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. कुठल्याही फोल्डरमध्ये शिरलं की ते त्या कामाच्या सेटिंग लावतं, बाहेर पडलं की काढून घेतं. त्या सेटिंगची फाइल लपलेली असते, साध्या यादीत दिसत नाही. मी ती उघडली. पासवर्ड, पत्ते, आणि सगळ्यांत खाली ही ओळ छापण्याचा हुकूम. पहाटे यादीचं काम त्याच दारातून आत शिरलं होतं, म्हणून ती ओळही कागदावर गेली.

जागा सापडली, माणूस नाही. सर्व्हरवर आम्ही सगळे एकाच नावाने जातो. मी त्या ओळीकडे बघत बसलो. आणि मग मला तो 'स' दिसला.

मॅडमना बोलावून दाखवलं.

"मॅडम, मी लिहिलं असतं तर 'काहून आला गा' लिहिलं असतं. आमच्याकडे 'आलास' कोणी म्हणत नाही."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "अन् हा 'स' कोणं लावला गा?"

मॅडम जुन्या नागपुरातल्या, महाल भागातल्या, हे मला त्या दिवशी कळलं.

'काहून'ला 'आलास' जोडणारा माणूस बाहेरचाच, आणि ऑफिसात पुण्याचे एकच सर. मला टर्मिनल शिकवलं ते त्यांनीच, जेवणाची सुट्टी खर्चून. त्यांचं नाव घ्यायला माझी जीभ रेटेना. घ्यावंही लागलं नाही. मॅडमनी नुसतं त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं, तर ते कान धरून उभेच राहिले. आदल्या संध्याकाळी मला चिडवायला त्यांनी ती ओळ घातली होती. यादीही त्याच फोल्डरमधून निघते, हे विसरले. माझ्याकडून चहावर शिकलेली भाषा होती, ती अर्धीच शिकले होते. गोदामाची माफी त्यांनीच मागितली.

चार दिवसांनी फॉर्म हातात आला. नोकरी पक्की. शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं होतं, 'भाषेची जाण उत्तम.'

रविवारी घरी वाचून दाखवला. बाबांनी अभिमानाने विचारलं, "कॉम्प्युटरची भाषा ना?"

मी हो म्हणालो.